चौदा नंबरचा अंदाज

प्रिय ठेंगू,

आता सहा फूट झालास, केस पांढरे झाले, पोरगी कॉलेजात गेली, तरी माझ्यासाठी तू ठेंगूच. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तू सातवीत होतास आणि वरच्या फळीवरचा डबा काढायला तुला स्टूल लागायचं. हे पत्र मी माझ्या हाताने लिहिते आहे. माझी शाळा चौथीपर्यंतची, तेव्हा चुका काढत बसू नकोस. अक्षर लागलं नाही तर दोनदा वाच, पण बायकोकडून वाचून घेऊ नकोस. आधी एकटा वाच, मग कुणाला दाखवायचं ते तुझं तू ठरव. फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू मधेच म्हणशील, वहिनी, जाऊ दे ना, आणि मी लगेच जाऊ देईन. मला माझा स्वभाव माहीत आहे. कागद मधे बोलत नाही.

तुझ्या दादाचा गुडघा तसाच आहे. औषध घेत नाही, डॉक्टरला शिव्या देतो. जिन्याचा कठडा शेवटी बदलून घेतला. तुला हे सांगून उपयोग काय म्हणा, तू या जिन्याची पायरी चढून अकरा वर्षं झाली. पोरीच्या दहावीचे पेढे द्यायला आलास तोही खालूनच गेलास, दादाला हाक मारून फाटकाशी बोलावलंस. मी खिडकीतून बघत होते. तू तुझ्या बायकोला, आमच्या धाकटीला, सांगतोस ते मला कळतं रे. वहिनीने चालतं दुकान हातात दिलं आणि मी ते बुडवलं, आता कोणत्या तोंडाने वर जाऊ. हे तू सगळ्या नात्यात सांगत फिरलास. अकरा वर्षं मी ते ऐकते आणि गप्प बसते. मी, जिला भाजीवाल्याने एक बटाटा सडका घातला तर अर्धी गल्ली गोळा करता येते, ती गप्प बसते. याचा तुला कधी संशय आला नाही?

आता बातमी. तुला माझं ऑफिस कायम चेष्टेचं. कुणी विचारलं, वहिनी कामाला जाते तिथे काय बनतं, की तू म्हणायचास, "उद्या बनतो." बरोबरच होतं. पुढच्या दहा वर्षांत लोक काय विकत घेतील, कोणतं यंत्र घरोघरी जाईल आणि कोणतं दुकानात धूळ खाईल, याचे अंदाज बांधायचे आणि ते मोठमोठ्या कंपन्यांना विकायचे, हा त्यांचा धंदा. मी तिथे चहा करायची, कपबशा धुवायची, मीटिंगच्या खोलीत पाण्याचे ग्लास मांडायची. अजूनही तेच. फक्त आता चहाचं मशीन आलंय आणि मी त्या मशीनची सरबराई करते. तर गेल्या महिन्यात ऑफिसला पंचवीस वर्षं झाली. मोठा हॉल घेतला, सगळ्यांना घरच्यांसकट बोलावलं. दादा इस्त्रीचा शर्ट घालून दुसऱ्या रांगेत बसला, परीक्षेला बसल्यासारखा ताठ. आमच्या चष्मेवाल्या मॅडम आता सगळ्यांच्या वरच्या झाल्यात. त्यांनी एक गंमत काढली होती. दर वर्षीच्या अंदाजांची एक पुस्तिका असायची, त्या सगळ्या कपाटातून काढल्या. एकेक जुना अंदाज वाचायचा आणि खरा ठरला की खोटा ते सगळ्यांनी ओरडून सांगायचं.

काय हसले लोक. दहा वर्षांत ऑफिसात कागद औषधालाही सापडणार नाही, हा एक. हे ज्या कागदांवर छापलं त्याचे गठ्ठे उचलून माझ्या कमरेचं वाटोळं झालं. फोन लहान होत होत अंगठीएवढा होईल, हा दुसरा. आता बघ, फोन पोळपाटाएवढे झालेत. टीव्ही बघताना अख्खं घर काळे चष्मे लावून बसेल म्हणे. दूध संपलं की फ्रिज आपण होऊन सांगेल. हा वाचल्यावर मॅडमनी माझं नाव घेतलं. कारण तेव्हाची त्यांची पद्धत अशी, की शहाण्या माणसांचं भांडण मिटेना की कुणीतरी म्हणायचं, मावशींना विचारा. मी ट्रे घेऊन उभी असायची, तोंडाला येईल ते बोलायची. फ्रिजबद्दल मी म्हटलं होतं, दूध संपलं हे सांगायला घरोघरी सासू असते, फ्रिज जाऊन आणणार असेल तर बोला. तेही त्यांनी लिहून ठेवलं होतं. हॉल गडगडला. मॅडमनी हिशोब काढला होता, की ज्या ज्या वेळी मला विचारलं त्यात साहेबांपेक्षा माझं जास्त वेळा खरं निघालं. मला वर बोलावलं आणि काचेची एक पाटी दिली. धुळीला आमंत्रण. पण खोटं कशाला बोलू, त्या क्षणी छाती फुगली. दादा तर उभा राहून टाळ्या वाजवत होता.

मी पाटी धरून वरच उभी होते आणि मॅडम म्हणाल्या, आता तो अंदाज, ज्याने आपलं नाव झालं. चौदा नंबर. त्यांनी वाचला. फोटोचा रोल दहा वर्षांत बाजारातून जाईल, आणि रोल धुऊन देणारी दुकानं त्याआधीच बंद पडायला लागतील. हॉल ओरडला, खरा. मग त्यांनी खालचं कारणही वाचलं. एका रोलमधले पाच-सहा फोटो वाया जातात, कुणाचे डोळे मिटलेले, कुणाची मान कापलेली, आणि त्याचेही पैसे मोजावे लागतात याचा लोकांना मनातून राग आहे, असं घरचंच फोटोचं दुकान असलेल्या एका गृहिणीने सांगितलं. शेवटी पुस्तिकेचं वर्ष आणि महिना. लोक पुन्हा टाळ्या वाजवायला लागले. दादाचे हात मांडीवर होते.

तुला आठवत असेल, ते बोलणं तुझंच आहे. जेवताना सांगायचास तू. माणसं पाकीट तिथेच काउंटरवर उघडतात, चांगल्या फोटोला गप्प बसतात आणि डोळे मिटलेल्या फोटोसाठी माझ्याशी भांडतात, जसं काही मी मिटले. तू नक्कल करून दाखवायचास, आपण पोट धरून हसायचो. तो विनोद मी उचलला आणि मीटिंगच्या खोलीत नेऊन ठेवला. टेबलावर एक रोल ठेवला होता आणि शेजारी बिनरोलचा नवा कॅमेरा. मॅडमनी विचारलं, मावशी, तुमचं तर दुकानच आहे, लोक फोटोला कंटाळतात का? मला वाटलं, केवढा मान दिला. मी तुझी नक्कलसुद्धा करून दाखवली. ते सगळे लिहून घेत होते. मग मी ग्लास गोळा करत असताना मोठे साहेब मॅडमना म्हणाले, झालं, ही दुकानं गेली, पाच वर्षं धर नाहीतर दहा. माझ्या हातात सहा ग्लास होते. एकही पडला नाही. मी ते नेऊन धुतले, पुसले, पालथे घातले आणि घरी आले. तुम्ही दोघं भाऊ खाली दुकानात होता. दादा काउंटरला, तू मशीनवर. मी काही बोलले नाही. त्या दिवशी नाही बोलले ते एक वेळ ठीक, थकले होते म्हणू. त्यानंतर दोन महिन्यांनी वाटणी झाली. दोन महिने कुणी थकलेलं नसतं.

वाटणी बाबांनीच लावली, ते असतानाच व्हावी म्हणून. त्यांचा नियम घरात सगळ्यांना पाठ. साधं कलिंगड कापायचं असलं तरी कापेल त्याने आधी उचलायचं नाही. तसं मोठ्याने दोन वाटे करायचे आणि धाकट्याने आधी निवडायचा. दादाने वाटे केले ते सरळ होते. एका बाजूला खालच्या रस्त्यावरचं दुकान, मशीनसकट, आणि मागची खोली. दुसऱ्या बाजूला हे वरचं घर. कागद कुणी केला नाही, बाबांचा शब्द हाच कागद. निवड तुझी होती. धाकटीला सातवा महिना होता, आणि कपडे वाळत घालताना तिने मला आनंदाने सांगितलं, आम्ही घर घेतोय. दुकानात भाऊजी आणि हे मिळून करतीलच, भाड्याचं काही ठरवू म्हणाली. तिच्या हातात ओला टॉवेल होता. मी तो तिच्या हातातून घेतला आणि म्हटलं, तू वाकू नकोस गं. एवढंच.

मग मी तुला जिन्यात गाठलं. हे तुला चांगलं आठवतं, कारण तूच ते सगळ्यांना सांगतोस. मी म्हटलं होतं, "घर म्हणजे काय, चार भिंती. दुकान म्हणजे रोज फळ देणारं झाड. तुझ्या हातात कला आहे ठेंगू, ती भिंतींना दाखवणार का?" तुझे डोळे भरून आले. तुला वाटलं वहिनी आपल्या नवऱ्याचं चालतं दुकान दिरासाठी सोडते आहे. तू मला म्हणालास, वहिनी, आई असती तर तिनेही एवढं केलं नसतं. मी तुझ्या डोक्यावरून हात फिरवला, त्यासाठी मला पायरीवर चढावं लागलं. आणि मनात मी काय म्हणत होते सांगू? लवकर हो म्हण. तुझा विचार बदलायच्या आत हो म्हण.

मला घर हवं होतं. त्याला दुसरं नाव नाही. तू आणि दादा याच घरात जन्मलात, तुम्हाला कळायचं नाही. लग्नाआधी मी सात खोल्या बदलल्या, सगळ्या दुसऱ्याच्या. मालक जिन्यात दिसला की आमची आई आवाज खाली घ्यायची, आम्हालाही घ्यायला लावायची. मी मोठ्याने बोलायला शिकले ती या घरात येऊन. ज्या घरात माझा आवाज चालतो ते मला सोडायचं नव्हतं. पण मग तसं सांगायचं होतं. बाबांसमोर म्हणायचं होतं, मला घर हवंय, आणि दुकानाबद्दल मी ऑफिसात असं असं ऐकलंय, आता काय ते ठरवा. भांडण झालं असतं. मला भांडणाची भीती कधीपासून वाटायला लागली? मी फायदा घेतला आणि वर त्याचं दान म्हणून नाव करून घेतलं. नात्यातल्या बायका मला उदाहरण म्हणून दाखवायच्या. जावा असाव्यात तर अशा. मी पदर सारखा करायची.

आणि हे सगळं तरी एका वेळचं पाप म्हणून सोडता आलं असतं. पण तू पुन्हा आलास. दोन वर्षांनी. दुकान जोरात होतं तेव्हा, नवीन पाटी लावली होतीस, शाळांचे गटफोटो तुझ्याकडे यायचे. तू वर आलास, पोरगी कडेवर होती, आणि मोठं मशीन घ्यायचंय म्हणालास. तासात फोटो देणारं. कर्ज काढावं लागेल. दादाने नेहमीप्रमाणे खांदे उडवले. तू माझ्याकडे वळलास. म्हणालास, वहिनी, तुझ्या ऑफिसातले साहेब तुला विचारून माल ठरवतात, मग मीही विचारतो. "घेऊ का?"

पोरगी माझ्या बांगडीशी खेळत होती. मला उत्तर येत होतं, ठेंगू. त्या वर्षीच्या पुस्तिकेत तर दहाची पाच वर्षं केली होती. पण नको म्हटलं असतं तर तू विचारलं असतंस का नको. आणि का ते सांगितलं असतं तर तू विचारलं असतंस कधीपासून माहीत आहे. त्या एका कधीपासूनला मी घाबरले. मी म्हटलं, तुझं तू बघ बाबा, मला त्यातलं काय कळतंय. जिला सगळ्यातलं सगळं कळतं असं सारं घर म्हणतं, ती म्हणाली मला काय कळतंय. तू हसलास, तुला तो माझा नम्रपणा वाटला. पुढच्या आठवड्यात मशीन आलं. दार छोटं पडलं म्हणून चौकट काढावी लागली, आठवतं? मी खाली येऊन साखर वाटली.

पुढचं तुला मी काय सांगणार, तूच भोगलंस. आधी रोल कमी झाले. मग लोक छोटं कार्ड घेऊन यायला लागले, शंभरातले चारच फोटो छापून मागायचे. मग तेही यायचे थांबले, फोन दाखवायचे आणि म्हणायचे, यातच बरे दिसतात. तू पुढच्या चौकातल्या स्टुडिओवर खापर फोडलंस, मग रंगांवर, मग स्वतःवर. रात्रंदिवस रंग सुधारत बसलास. एकाच चेहऱ्याच्या पाच छटा काढून मला दाखवायला आणायचास, यातला कोणता खरा वाटतो वहिनी, म्हणून. सगळेच खरे वाटत होते. तुझ्या हातात कला होती, त्यात मी खोटं बोलले नव्हते. धाकटी तुला म्हणायची, लक्ष नाही तुमचं धंद्यात. मी ते ऐकून डाळीला फोडणी द्यायची. ज्या दिवशी मशीन भंगारवाल्याने तुकडे करून नेलं, त्या दिवशी दादा तुझ्याजवळ खाली उभा होता आणि मी कामावर होते. सुट्टी मिळाली असती. मागितली नाही. मग तुम्ही गाव बदललंत, तू त्या गोदामात पार्सलांवर चिठ्ठ्या चिकटवायला लागलास. माझ्या दारात लोकांच्या खोक्यांवर जी चिठ्ठी असते ना, ती बघितली की मी आधी वळून बघते, तुझ्या हाताची आहे का. कशी कळणार, पण बघते.

मी स्वतःसाठी खूप वकिली केली आहे, बावीस वर्षं. पहिला मुद्दा, ऑफिसातलं बाहेर बोलायचं नाही असा कागद माझ्याकडून सही करून घेतला होता. पण तोच कागद असताना मी शेजारणीला सांगितलंच होतं, तो टीव्ही घेऊ नकोस, पुढच्या वर्षी पातळ येतोय. दुसरा मुद्दा मोठा. यांचे अंदाज खरे कुठे होतात? अंगठीचा फोन कुठे आहे? काळे चष्मे कुठे आहेत? मला काय माहीत की शंभरातला हाच खरा निघणार? हा मुद्दा मला फार आवडायचा. त्याच्यावर मी झोपत होते. तो त्या हॉलमध्ये मोडला. लोक एकेका खोट्या अंदाजाला हसत होते, तेव्हा मला कळलं की मीसुद्धा त्या सगळ्यांना तेव्हाही हसलेच होते. फ्रिजला हसले, चष्म्यांना हसले. चौदा नंबरला मी हसले नव्हते. त्याच्यावर माझा विश्वास बसला होता, म्हणून तर जिन्यात आले. अंदाज खोटा निघाला असता तरी मी तुला फसवलंच असतं, फक्त ते कुणाला कळलं नसतं.

घरी येताना बसमध्ये दादा खिडकीबाहेर बघत होता. पाटी माझ्या मांडीवर. आपल्या थांब्यावर उतरलो, तो गुडघ्यामुळे हळू चालतो, मी नेहमी पुढे जाते आणि त्याला हाका मारते. त्या दिवशी मागे राहिले. फाटकाशी तो थांबला आणि म्हणाला, "ती गृहिणी तू. तुला माहीत होतं." विचारलं नाही, म्हणाला. मी म्हटलं ऑफिसात शंभर गोष्टी बोलतात. तो म्हणाला, धाकट्याने मला आयुष्यात एकदाच रडून दाखवलंय, मी त्याला काय म्हटलं माहीत आहे? म्हटलं, तुझ्या वहिनीने एवढं सोडलं आणि तुला ते टिकवता आलं नाही. मग तो जिना चढून गेला. तेव्हापासून माझ्याशी कामापुरतं बोलतो. ओरडला असता तर मीही ओरडले असते आणि मिटलं असतं. तो मला चहा करून देतो. हे तू त्याला विचारायला जाऊ नकोस, पण त्यालाही फसवलंय मी, हे तुझ्या लक्षात असू दे. वाटे करताना त्याच्या मनात काही नव्हतं. रागवायचं तर माझ्या एकटीवर रागव.

आता हे आजच का लिहिते आहे ते. घर अजून बाबांच्याच नावावर आहे, ते दादाच्या नावावर करायला तुझी सही लागते म्हणून दादाने एक कागद वकिलाकडून लिहून घेऊन तुला पाठवला होता, ऑफिसच्या त्या समारंभाच्या आधी. तू हक्क सोडल्याचा. तो तू एका दिवसात सही करून परत पाठवलास, दोन साक्षीदारांसकट, आणि वर चिठ्ठी, की वहिनीने तेव्हा झाड दिलं, मी भिंतींवर कशाला हक्क सांगू. पाकीट आलं तेव्हा दादाने ते माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाला, काय करायचं ते तू ठरव. मी चार दिवस ते गादीखाली ठेवलं. चारही दिवस मला ते वकिलाकडे द्यावंसं वाटलं, हेही लिहून ठेवते, उगाच मला चांगली समजू नकोस. तुझा तो सहीचा कागद याच पाकिटात घालून परत पाठवते आहे. तो तू काही माहीत नसताना सही केलास, म्हणून तो मला चालत नाही. आता माहीत आहे. फाडायचा तर फाड, अर्ध्या घरावर हक्क सांग, मी भांडणार नाही, आणि मी भांडणार नाही म्हणते तेव्हा त्याचा अर्थ तुला कळतो. धाकटीला सांगायचं तर सांग, नात्यात सांगायचं तर सांग, इतकी वर्षं स्वतःबद्दल सांगितलंस तितक्याच मोठ्याने सांग. पुन्हा सही करून पाठवलास तरी माझ्यासाठी करू नकोस, आणि मला माफ केलं असं फोन करून तर मुळीच सांगू नकोस, मला ते ऐकवणार नाही. दुकान तू बुडवलं नाहीस, एवढं मात्र आज, हे वाचून झाल्याबरोबर, धाकटीला आणि पोरीला समोर बसवून सांग. पाकीट पोचपावती लावून टाकते आहे, म्हणजे मिळालं नाही असं तुला म्हणता येणार नाही, आणि पाठवलंच नाही असं मला.

तुझीच, अजून म्हणू देशील तर,
वहिनी